गरम झाल्यावर टकटक करणारी जुनी स्प्लेंडर: इंजिन उतरवण्याआधी काय बघावं

यावल तालुक्यातल्या एका शेतकरी भावाने विचारलंय. वडिलांच्या वेळची २००३ ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. सकाळी किक मारली की इंजिन अगदी शांत. फैजपूरला जाऊन आलं, इंजिन चांगलं तापलं, की डाव्या बाजूने ‘टक-टक, खळ-खळ’ असा आवाज सुरू होतो. स्लोवर जास्त येतो, रेस वाढवली की दबतो, रेस सोडली की पुन्हा उठतो. क्लच दाबून काही फरक नाही. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे स्क्रू) तीनदा सेट करून झाले. एक मिस्त्री म्हणतो बोअर-पिस्टन (पिस्टन आणि तो ज्या नळीत चालतो ती) करा, दुसरा म्हणतो क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा) गेला, इंजिन पूर्ण उतरवा. ॲव्हरेज पूर्वीइतकंच आहे, धूर नाही. काय करावं?

भाऊ, इंजिन उतरवायची घाई करू नका. तुम्ही आवाजाचं जे वर्णन केलंय त्यावरून माझा पहिला संशय टायमिंग चेनच्या, म्हणजे इंजिनाच्या आत व्हॉल्व्ह चालवणाऱ्या चेनच्या, बाजूवर जातो. त्यातही चेनपेक्षा जास्त तिला ताणून धरणाऱ्या पुशरवर आणि रोलरवर. टायमिंग चेनचं किट काही शे रुपयांत येतं. बोअर, पिस्टन आणि क्रँकचं काम काही हजारांत जातं. एकदा इंजिन उतरवलं की ‘आता उघडलंच आहे तर’ म्हणत चांगले भागही बदलले जातात, आणि कंपनीने बसवलेला चांगला क्रँक एकदा प्रेसवर फोडला की तो परत तितका सरळ बसेलच याची खात्री कोणी देत नाही. म्हणून आधी बाहेरून जेवढं कळतं तेवढं कळून घ्या.

बरेच जण मला मोबाईलवर आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवतात. त्यावरून मी निदान करत नाही. मोबाईलच्या माइकमध्ये टॅपेट, चेन, सायलेन्सर सगळं एकाच पातळीवर येतं आणि खोल ठोका तर त्यात उतरतच नाही. तुम्ही मात्र आवाज कधी येतो, कधी जातो हे नीट लिहिलंत. थंड-गरम, रेस धरली-सोडली, क्लच दाबला-सोडला, एवढ्यावरून निम्मं निदान होतं. तेच आता ओळीने लावून बघू.

पिस्टन ढिला झाला असता तर आवाज सकाळी थंड इंजिनला जास्त आला असता. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. तापला की तो फुगतो, बोअरमधली फट कमी होते आणि ठोका दबतो. तुमच्याकडे बरोबर उलटं आहे. शिवाय धूर नाही, ॲव्हरेज उतरलेलं नाही. बोअर-पिस्टन करायला सांगणाऱ्याकडे मग आधार काय उरला? बेंड पाइप (सायलेन्सरचा पुढचा वाकडा पाइप) जिथे हेडला (इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या टोकाला) बसतो तिथलं गॅस्केट फुटलं तरी अगदी टॅपेटसारखा टकटक आवाज येतो आणि भलेभले फसतात. पण तोही सहसा थंडीला जास्त असतो, पाइप तापला की फट बंद होते. तरी खात्रीसाठी इंजिन थंड असताना त्या जोडाभोवती काळी काजळी उडालेली दिसते का ते बघा. दिसली तर आधी ते गॅस्केट बदला.

क्रँकचं म्हणाल तर कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांडीचं) मोठं टोक गेल्यावर आवाज गरम इंजिनला वाढतो हे खरं, पण तो ओझ्याखाली वाढतो. तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या आसपास वेग ठेवून चढाला रेस द्या. रावेरहून पालकडे सातपुडा चढताना अशी जागा सहज मिळते. क्रँक गेलेला असेल तर तिथे पायाखालून खोल, जड ‘ठक-ठक’ यायलाच हवी. ती फूटरेस्टमधून पायालाही जाणवते. तुमचा आवाज रेस दिल्यावर दबतो. क्रँकचा आवाज असा कधी वागत नाही. चढाला हलकी, काचेवर खडे पडावेत तशी ‘टिण-टिण’ आली तर ती वेगळी गोष्ट आहे. ते पेट्रोलचं अवेळी पेटणं असतं. हेडमध्ये साठलेला कार्बन, चुकीचा प्लग किंवा भेसळीचं पेट्रोल यांमुळे ते होतं, त्यासाठी क्रँक उघडायचा नसतो.

उरला क्लच आणि गिअरबॉक्स. क्लच दाबल्यावर किंवा सोडल्यावर आवाज बदलत नाही, आणि येतोही डावीकडून. स्प्लेंडरचा क्लच उजवीकडे असतो. तोही संशय गेला.

म्हणजे राहतं डावीकडचं हेड आणि त्यामागची टायमिंग चेन. या इंजिनाचा ब्लॉक (पिस्टन ज्यात चालतो तो भाग) जवळजवळ आडवा असतो, पुढच्या चाकाकडे तोंड करून. डावीकडे मॅग्नेट (क्रँकवरचं वीज तयार करणारं चाक), त्याच्या मागे चेन, आणि चेन क्रँकपासून हेडमधल्या कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) जाते. चेन ढिली पडू नये म्हणून एक रोलर तिला दाबून धरतो आणि त्या रोलरला खालून पुशर रेटतो. पुशरच्या मागे स्प्रिंग आहेच, शिवाय त्यात इंजिन ऑइल भरलेलं असतं. आत जाणारं ऑइल परत येऊ नये म्हणून छोटा व्हॉल्व्ह असतो. सकाळी ऑइल घट्ट असतं, पुशर ठाम उभा राहतो, चेन ताणलेली राहते. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर ऑइल पातळ होतं. व्हॉल्व्हखाली कचरा अडकलेला असेल किंवा पुशर झिजलेला असेल तर ऑइल निसटतं आणि चेनला ढील मिळते. रेस धरलेली असते तोपर्यंत क्रँक चेनला एका दिशेने ओढत असतो, म्हणून ती ताठ राहते. रेस सोडली की क्रँक मंदावतो, कॅम आपल्या वेगात पुढे जाऊ बघतो, आणि ढिली बाजू केसच्या भिंतीवर आपटते. तुम्ही लिहिलेलं प्रत्येक लक्षण यात बसतं, म्हणून माझा संशय तिथे जातो.

हे इंजिन न उतरवता तपासता येतं. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन थंड होऊ द्या, प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल. डावीकडे मॅग्नेटचं कव्हर आणि हेडवरचं गोल कव्हर काढा. गोल कव्हरच्या आत कॅमचं स्पॉकेट (चेनचं दातेरी चक्र) दिसतं. मॅग्नेटच्या नटला पाना लावून इंजिन फिरण्याच्या दिशेने हळू फिरवत मॅग्नेटवरची ‘टी’ खूण तिच्या खाचेसमोर आणा. आता स्पॉकेटवरची खूण हेडवरच्या खाचेशी जुळते का ते बघा. चेन लांबलेली असेल तर ती खूण थोडी मागे राहिलेली दिसते. मग पाना अगदी थोडा पुढे-मागे हलवा आणि डोळा स्पॉकेटवर ठेवा. चांगल्या गाडीत मॅग्नेट हलला की स्पॉकेटही लगेच हलतं. ढिल्या चेनच्या गाडीत मॅग्नेट आधी थोडा फिरतो, मग स्पॉकेटला झटका बसतो. हा झटका एकदा पाहिला की पुन्हा कोणाला विचारावं लागत नाही. मागे फिरवताना जोर लावू नका, ढिली चेन दात सोडू शकते.

इंजिन चालू असताना ऐकायचं असेल तर लांब पेचकस घ्या. टोक इंजिनला टेकवा आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडाला. आधी वरच्या टॅपेट कव्हरवर ऐका, मग खालच्या, मग डाव्या गोल कव्हरवर, ब्लॉकच्या मुळाशी आणि शेवटी डाव्या केसखाली पुशरचा मोठा बोल्ट असतो त्यावर. प्रत्येक जागी आवाज ‘ऐकू येतो का’ हे पाहू नका, तो सगळीकडे येणारच. सर्वांत टोकदार कुठे लागतो ते लक्षात ठेवा. गळ्यातला रुमाल आधी काढून ठेवा, चालत्या चेनजवळ वाकायचं आहे.

आणखी एक परीक्षा मी नेहमी करतो. सायलेन्सरच्या तोंडामागे थोड्या अंतरावर तळहात धरा. स्लोवर इंजिन मिनिटाला साधारण १४०० फेरे घेतं आणि फोर स्ट्रोक असल्याने दोन फेऱ्यांना एकदा धूर बाहेर टाकतं. हाताला बसणारा प्रत्येक झोत आणि कानाला येणारी टक यांचा मेळ बसत असेल, तर आवाज कॅमच्या गतीचा आहे, म्हणजे वरच्या भागाचा. टक झोताच्या दुप्पट दाट असेल तर क्रँककडे बघा. पिस्टनचा ठोका मात्र कधी कधी पेटण्याच्या वेळीच जोरात लागतो आणि मेळात बसल्यासारखा वाटतो, म्हणून हा एकटा पुरावा धरून निकाल देऊ नका.

आता टॅपेटबद्दल. तीनदा सेट करूनही आवाज गेला नाही, याची दोन कारणं असू शकतात. एक वर सांगितलं, आवाज टॅपेटचा नाहीच. दुसरं असं की टॅपेट स्क्रूचं टोक झिजून त्याला खळगा पडलेला असतो. व्हॉल्व्हची दांडी त्या खळग्यात बसते, पण फीलर गेजची (फट मोजायची पातळ) पट्टी खळग्याच्या काठांवर टेकते. पट्टी घट्ट सरकते, मिस्त्रीला वाटतं गॅप बरोबर आहे, आणि प्रत्यक्षात आत दुप्पट मोकळी जागा असते. टॅपेट कव्हर काढून तो स्क्रू पूर्ण बाहेर काढा, उन्हात धरून टोक बघा, नखाने चाचपा. खळगा लागला तर स्क्रू बदला, घासून सपाट करू नका. टोकावरचा कडक थर निघून जातो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. रॉकरचा (कॅमने हलून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हाताचा) कॅमवर घासणारा भागही बॅटरी लावून बघून घ्या, त्यावर खवले उडालेले असतील तर नुसत्या सेटिंगने काही होणार नाही.

आणि एक विनंती. कोणी आवाज घालवण्यासाठी टॅपेट घट्ट करून देत असेल तर करू देऊ नका. या इंजिनाचा टॅपेट गॅप मुळातच ०.१ मिलिमीटरहून कमी असतो, तोही इंजिन पूर्ण थंड असताना मोजायचा. त्याहून घट्ट केला की इंजिन शांत वाटतं, गिऱ्हाईक खुश होऊन जातं, पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि मग गरम गाडी किकला उठत नाही. थोडी टिकटिक करणारा टॅपेट वर्षानुवर्षं चालतो. घट्ट केलेला व्हॉल्व्ह एका उन्हाळ्यात जातो. तुमच्या गाडीचे तीनदा हात लागलेले टॅपेट आधी मॅन्युअलच्या आकड्यावर आणून घ्या.

ऑइलचं बघताना गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढीच थांबा, मग डिपस्टिक (ऑइल मोजायची काडी) पुसून नुसती टेकवा, आटे फिरवून आत घालायची नाही. पुष्कळ जण आटे फिरवून मोजतात आणि ऑइल कमी असूनही पूर्ण दिसतं. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरची सुई गळतेय आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. असं पातळ झालेलं ऑइल पुशरला धरूच शकत नाही. आपल्याकडे जुन्या गाडीत जाड ऑइल टाकायची पद्धत आहे, २०-डब्ल्यू-५० वगैरे. आवाज थोडा दबतो खरा, पण झीज तशीच राहते, आणि थंडीत सकाळी ते ऑइल हेडपर्यंत पोचायला उशीर लागतो. कंपनीने या गाडीला १०-डब्ल्यू-३० सांगितलंय, तेच टाका, मोटारसायकलचंच. कारचं ऑइल टाकलं की क्लच घसरायला लागतो.

ऑइल काढताना ते स्वच्छ, पसरट भांड्यात काढा आणि उन्हात बघा. चंदेरी भुकटी थोडी असेल तर जुन्या इंजिनाला ते चालतं. चुंबकाला चिकटणारे टोकदार तुकडे दिसले तर बेअरिंग किंवा गिअरचा विचार करावा लागतो. काळ्या रबराचे तुकडे सापडले तर निदान जवळपास पक्कं झालं, ते टायमिंग चेनच्या रोलरचे असतात. हे तुकडे बहुतेक वेळा जाळीत अडकतात. स्प्लेंडरला ऑइलची जाळी आहे आणि क्रँकच्या उजव्या टोकाला फिरणारा फिल्टर आहे, तो कचरा बाहेर फेकून भिंतीला थापतो. उजवं कव्हर काढल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून कोणी साफ करत नाही. मी उघडतो तेव्हा आत बोटभर काळा, मेणासारखा लगदा थापलेला असतो. तो पूर्ण भरला की पुढचा कचरा ऑइलबरोबर फिरतो, आणि पुशरचा छोटा व्हॉल्व्ह अडकायला त्यातला एक कण पुरतो. ऑइल बदलायचं अंतर पुस्तकात काहीही असो, आपल्या शेतरस्त्यांच्या धुळीत मी अडीच हजार किलोमीटरच्या पुढे जाऊ देत नाही.

इथे आपल्या भागाची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुमच्या आवाजाशी तिचा थेट संबंध आहे. या इंजिनाचं हेड पुढच्या चाकाच्या अगदी मागे येतं. पावसाळ्यात केळीच्या बागेतून, कापसाच्या वावरातून गाडी निघते, काळी माती चाकाबरोबर उडते आणि हेडच्या पात्यांमध्ये भरते. दिवाळीपर्यंत ती वाळून विटेसारखी होते. पुढच्या मडगार्डखालचं रबर तुटलेलं असेल तर हमखास. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची पातीच बुजली तर उष्णता जाणार कुठे? वर जळगाव-भुसावळचा मे महिना, पारा ४५ च्या घरात. इंजिन तापतं, ऑइल आणखी पातळ होतं, पुशर ढिला पडतो, आवाज उठतो. इंजिन थंड असताना पात्यांमधली माती लाकडी काडीने उकरून काढा आणि धुवा. तापलेल्या हेडवर पाणी मारू नका. मडगार्डचं रबर नवं बसवा. आणि एअर फिल्टर बघा. जुन्या स्प्लेंडरला फोमचा असतो, तो रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, ऑइलमध्ये बुडवून पिळून बसवायचा असतो. कोरडाच बसवला तर काळ्या मातीची बारीक धूळ थेट बोअरमध्ये जाते आणि मग बोअर-पिस्टन खरोखर करावं लागतं.

बाहेरच्या गोष्टीही एकदा हाताने हलवून बघा. धुळ्याच्या बाजूची एक दुधाची गाडी माझ्याकडे आली होती, दोन्ही बाजूंना कॅन टांगायची लोखंडी चौकट लावलेली. कोणीतरी इंजिन उघडायचं सांगितलं होतं. मागचा फाउंडेशन बोल्ट ढिला होता, त्यामुळे स्लोवर सगळं इंजिन फ्रेमला टकटक करत होतं. बोल्ट आवळला, आवाज गेला. इंजिनचे सगळे फाउंडेशन बोल्ट, लेग गार्डचे क्लॅम्प, सायलेन्सरचा बोल्ट, हॉर्नची पट्टी आणि चेन कव्हर हाताने दाबून धरून आवाज बदलतो का ते बघायला पाच मिनिटं लागतात.

गॅरेजमध्ये गेल्यावर क्रम असा ठेवा. आधी पाती साफ, ऑइल नवं, जाळी आणि फिरता फिल्टर साफ, टॅपेट थंड इंजिनवर बरोबर गॅपला. मग डाव्या केसखालचा पुशरचा बोल्ट उघडायला सांगा, स्प्रिंग आणि पुशर बाहेर काढा. पुशरच्या टोकाचं रबर दबलेलं, चिरलेलं आहे का, स्प्रिंग नव्या स्प्रिंगपेक्षा आखूड झालीय का, हे शेजारी ठेवून बघा. पुशर ऑइलने भिजवूनच परत बसवायचा. एवढ्याने आवाज गेला तर तिथेच थांबा. नाही गेला, किंवा स्पॉकेटची खूण मागे राहिलेली दिसली, तर चेन, दोन्ही रोलर (दाबणारा आणि चेनला वाट दाखवणारा) आणि पुशर असं पूर्ण किट बदला. जुन्या रोलरवर नवी चेन टाकू नका. जुन्या रोलरच्या रबरात चेनने खाचा कोरलेल्या असतात, नवी चेन त्यातच घसरते आणि दोन-तीन महिन्यांत तुम्ही परत त्याच गॅरेजमध्ये. किट कंपनीचंच घ्या. हलक्या किटचं रबर गरम ऑइलमध्ये फुगतं, हे मी कितीतरी गाड्यांत पाहिलंय. किटवर पैसे वाचवू नका.

हे काम पुढच्या पेरणीपर्यंत ढकलू नका. ढिली चेन दात सोडली तर टायमिंग चुकतं, गाडी ओढत नाही, आणि फारच वाईट झालं तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागून वाकतो.

किट बदलूनही आवाज तसाच राहिला, तरच ब्लॉक काढायचा. ब्लॉक निघाल्यावर कनेक्टिंग रॉड हाताने धरा. तो डावी-उजवीकडे थोडा हलणारच, ती फट मुद्दाम ठेवलेली असते. कोणी तेवढंच दाखवून क्रँक गेला म्हणाला तर ऐकू नका. पिस्टन सर्वांत वर असतो त्या स्थितीत क्रँक आणून रॉड सरळ पुढे ढकला आणि मागे ओढा, ब्लॉकच्या दिशेत. त्या दिशेने तसूभरही ढील लागली, हाताला ‘टक’ जाणवली, तर क्रँकचं काम खरं. त्याच वेळी गजन पिनही (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) पिस्टनमध्ये हलवून बघा. ढील नसेल तर क्रँकला हात न लावता ब्लॉक परत बसवायला सांगा. हे सगळं चालू असताना तुम्ही स्वतः समोर उभे राहा आणि निघालेले जुने भाग घरी घेऊन या. पुशरच्या रबराचा फोटो पाठवलात तर तो बघून मला पुढचं सांगता येईल.